वहिवाटीचा हक्क : हेफिल्डच्या पायवाटांचा इतिहास

वाट कोण निर्माण करतो, या प्रश्नाचे उत्तर वरवर पाहता सोपे वाटते. राजे-महाराजे हमरस्ते बांधतात, सरकारे महामार्ग आखतात. पण पायवाट मात्र कुणी बांधत नाही. ती पडते. पहिल्या पावलाने गवत वाकते, शंभराव्या पावलाने माती उघडी पडते आणि काही पिढ्यांनंतर त्या मातीला गावाच्या स्मृतीत नाव मिळते. आपल्या भाषेत 'वहिवाट' हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. वाहती वाट आणि वापराने सिद्ध झालेला हक्क, हे दोन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत. इंग्लंडच्या ग्रामीण भागातील पायवाटांचा इतिहास हा या एका शब्दाचा इतिहास आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. तो समजून घेण्यासाठी डर्बीशायर परगण्यातील हेफिल्ड या लहानशा गावाएवढे बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

सेट नावाच्या छोट्या नदीच्या काठी वसलेले हेफिल्ड मँचेस्टरहून अवघ्या वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. गावाच्या पूर्वेला किंडर स्काउट हे ६३६ मीटर उंचीचे विस्तीर्ण पठार उभे आहे. शिखर म्हणावे असा सुळका त्याला नाही. काळ्या, ओलसर, कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेली पीटची जमीन, तिच्यावर जांभळ्या फुलांच्या हेदरची झुडपे आणि कडेकडेने वाऱ्याने झिजलेले खडक असे त्याचे रूप. पठारावरून किंडर नदी सुमारे तीस मीटर खाली उडी घेते. पश्चिमेचा वारा जोराचा असला म्हणजे हा धबधबा खाली पडण्याऐवजी तुषार होऊन वर उडतो आणि कित्येक कोसांवरून पांढऱ्या धुरासारखा दिसतो. त्याच्या जवळच्या एका डोहात ईस्टरच्या आदल्या मध्यरात्री जलपरी दिसते, अशी तेथील जुनी दंतकथा आहे.

मठवासी, मीठ आणि ओझ्याची घोडी

हेफिल्डहून पूर्वेकडे ईडेल खोऱ्यात जाणारी जुनी वाट पठाराच्या दक्षिण अंगाने चढते. खिंडीच्या माथ्यावर दगडी भिंतीच्या आडोशाला एक ओबडधोबड क्रूस उभा आहे. तो 'ईडेल क्रॉस' या नावाने ओळखला जातो. दुसऱ्या हेन्री राजाने ११५७ साली या भागातील ग्लॉसॉपचे खोरे वेल्समधील बेसिंगवर्क येथील मठाला दान दिले. पुढे सिस्टर्सियन संघाच्या या मठवाश्यांच्या जमिनीची सीमा दाखवण्यासाठी हा क्रूस उभारला गेला, असे अभ्यासक मानतात. भोवतालचा प्रदेश राजाचे राखीव शिकाररान होता. मठवाश्यांचे राज्य १५३६ साली आठव्या हेन्रीच्या मठविसर्जनाबरोबर संपले. मठाच्या भिंतींचे भग्नावशेष झाले. क्रूसही कधीतरी आडवा पडला, पण १८१० साली तो पुन्हा उभा करण्यात आला. मालक बदलले, धर्मव्यवस्था बदलली, पण वाट बदलली नाही. वाटसरूला दिशा दाखवण्याचे क्रूसाचे काम चालूच राहिले.

त्या काळी या वाटेवरून ओझ्याची घोडी जात. चेशायरच्या खाणींतले मीठ डोंगरापलीकडे यॉर्कशायरकडे जाई आणि तिकडून लोकर व कापड येई. खिंडीपलीकडच्या उतारावर अठराव्या शतकात जेकब मार्शल नावाचा एक शेतकरी राहत होता. घोड्यांना वळणावळणाच्या लांब वाटेने चढू द्यावे आणि माणसाने मात्र सरळ वर जावे, म्हणून त्याने उतारावर पायऱ्या खोदल्या. तिला लोक 'जेकब्स लॅडर' म्हणू लागले. उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबाची स्वर्गापर्यंत पोहोचणारी शिडी इंग्लंडच्या खेडुताला परिचयाची होतीच. शेजारच्या जेकबच्या पायऱ्यांना तेच नाव चिकटले, यात नवल नाही.

या वाटांची देखभाल कोण करी? येथे 'पॅरिश' या संस्थेचा संबंध येतो. मेरी राणीच्या कारकिर्दीत १५५५ साली झालेल्या कायद्याने रस्त्यांची जबाबदारी प्रत्येक धर्मग्रामावर टाकली. ग्रामस्थांनी वर्षातून चार दिवस रस्त्यावर श्रम करावे, असा नियम झाला. पुढे हे दिवस सहा करण्यात आले. मूळची धर्मसंस्थेची ही विभागणी हळूहळू नागरी कारभाराचीही झाली आणि १८९४ साली पॅरिश कौन्सिले स्थापन होऊन दोन्ही कारभार वेगळे झाले. पण गावाने आपल्या वाटा आपण सांभाळायच्या, ही जाणीव त्या जुन्या धर्मग्रामाची देणगी होती.

कुंपणे आणि गिरण्या

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडमध्ये दोन मोठी स्थित्यंतरे एकाच वेळी घडत होती. एकीकडे संसदेच्या कायद्यांनी गावांची सामाईक कुरणे आणि माळराने विभागून त्यांना कुंपणे घालण्यात आली. ज्या माळावर गावाची मेंढरे चरत, जेथून सरपणासाठी पीट कापून आणले जाई, तो माळ कागदोपत्री मोजक्या खातेदारांचा झाला. ही लाट किंडरपर्यंत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोहोचली. दुसरीकडे डोंगराच्या पायथ्याशी ओढ्यांच्या पाण्यावर गिरण्या उभ्या राहत होत्या. हेफिल्डमध्येही लोकर, सूत, कागद आणि कापडावरील छपाईचे कारखाने निघाले. छापील कापडाचे 'कॅलिको' हे नाव आपल्या कालिकतवरून पडले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे तेथील कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशायरच्या चात्यांवर मुंबई बंदरातून गेलेला हिंदी कापूस चढला. त्या कापसाने मुंबईचे व्यापारी गबर झाले. पण कच्च्या मालाच्या टंचाईने लँकेशायरच्या हजारो मजुरांच्या घरी मात्र चूल पेटेनाशी झाली होती.

गिरण्यांच्या शहरात राहणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकच दिवस मोकळा मिळे. धुराने काळवंडलेल्या गल्लीतून बाहेर पडून शेतातल्या पायवाटेने चालत जाणे, हे त्याचे बिनखर्चाचे एकमेव सुख होते. त्यावरही संकट आले. १८१५ च्या एका कायद्याने दोन न्यायदंडाधिकाऱ्यांना एखादी वाट 'अनावश्यक' ठरवून बंद करण्याचा अधिकार मिळाला. न्यायदंडाधिकारी म्हणजे बहुधा त्याच भागातील जमीनदार. आज एकाने दुसऱ्याच्या आवारातील वाट बंद करावी आणि उद्या दुसऱ्याने त्याची परतफेड करावी, असा व्यवहार सुरू झाला. मँचेस्टरजवळच्या फ्लिक्स्टन येथे अशाच एका प्रकरणातून लोकक्षोभ उसळला आणि १८२६ साली प्राचीन पायवाटांच्या रक्षणासाठी मँचेस्टरमध्ये एक संस्था स्थापन झाली. पत्रकार आर्चिबाल्ड प्रेंटिस हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक होते. ही संस्था वाटांचे जुने पुरावे गोळा करी, वृद्धांच्या साक्षी नोंदवी आणि न्यायालयात झगडे. वहिवाटीचा पुरावा म्हणजे शेवटी माणसाची आठवणच. ती माणसाबरोबर नाहीशी होण्याआधी कागदावर आणायची, हे तिचे खरे कार्य.

हेफिल्डला आगगाडी आली ती १८६८ साली. आता मँचेस्टरचे कामगार रविवारी सकाळी गाडीने यावेत, डोंगरावर हिंडावेत आणि सायंकाळी परतावेत, अशी सोय झाली. पण त्याच सुमारास डोंगराचे मोल दुसऱ्याच कारणाने वाढले होते. हेदरच्या झुडपांत ग्राऊस नावाचा, लाव्या-तित्तिराच्या कुळातला पक्षी राहतो. दरवर्षी १२ ऑगस्टला त्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. मागून हाकारे घालून हे पक्षी उडवायचे आणि आडोशाला बसलेल्या बंदूकधाऱ्यांनी ते टिपायचे, ही पद्धत रूढ झाल्यापासून माळरानांचे भाडे भरमसाट वाढले. पक्षी बुजू नयेत म्हणून माळावर रखवालदार नेमले गेले आणि वर्षातील मोजके दिवस शिकार चालणाऱ्या जागा बारा महिने बंद झाल्या. रखवालदार हा बहुधा त्याच खेड्यातला गरीब माणूस. काठी घेऊन कामगाराला अडवणारा आणि अडवला जाणारा, दोघेही पोटासाठीच राबणारे होते, हे या कथेतील दुःख विसरता येत नाही.

स्नेक पाथ

या अडवणुकीला पहिले उत्तर मिळाले ते कायद्याच्या मार्गाने. १८७६ साली हेफिल्ड आणि किंडर स्काउटच्या प्राचीन पायवाटांसाठी एक स्थानिक मंडळ निघाले. त्याचे कार्य पुढे नेण्यासाठी १८९४ साली उत्तरेकडील परगण्यांची पायवाट-रक्षण संस्था स्थापन झाली. ती 'पीक अँड नॉर्दर्न' या संक्षिप्त नावाने आजही काम करते. तिचे पहिले मोठे यश म्हणजे हेफिल्डहून विल्यम क्लफ या घळीतून चढून पलीकडे अ‍ॅशॉप खोऱ्यातील 'स्नेक इन' या पथिकाश्रमापर्यंत जाणारी वाट. दीर्घ वाटाघाटींनंतर १८९७ साली ती सार्वजनिक वाट म्हणून खुली झाली. हिरव्या रंगाचे, उठावदार अक्षरांचे या संस्थेचे लोखंडी फलक उत्तर इंग्लंडच्या माळांवर आजही ठिकठिकाणी भेटतात.

तथापि स्नेक पाथचे यश अपुरे होते. वाट मिळाली, पठार मिळाले नाही. चिंचोळ्या पट्ट्यावरून चालावे, डावी-उजवीकडे पाऊल टाकू नये, अशी ती सोय होती. डोंगरांवर मुक्त संचाराचा हक्क मिळावा म्हणून जेम्स ब्राइस यांनी १८८४ साली संसदेत विधेयक मांडले; ते बारगळले आणि पुढे वारंवार मांडले जाऊनही बारगळत राहिले. १८९६ साली बोल्टनजवळच्या विंटर हिलवर बंद केलेल्या वाटेवरून हजारो लोकांनी मोर्चे काढले होते. म्हणजे हेफिल्डला पुढे जे घडले, त्याची पूर्वपीठिका बरीच जुनी होती.

२४ एप्रिल १९३२

जागतिक मंदीचे ते दिवस होते. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडत होत्या आणि बेकारांच्या रांगा लांबत होत्या. ब्रिटिश वर्कर्स स्पोर्ट्स फेडरेशन या कम्युनिस्टांशी निगडित संघटनेची एक तुकडी १९३२ च्या ईस्टरच्या सुट्टीत हेफिल्डजवळच्या रोवर्थ येथे तळ ठोकून होती. तिच्यातील काही तरुणांना डोंगरावर रखवालदारांनी परत पाठवले. थोडे असलो तर हाकलले जातो, पुष्कळ असलो तर कोण अडवणार, असा विचार त्यातून पुढे आला. संघटनेचा चिटणीस बेनी रॉथमन हा मँचेस्टरमधील एका गरीब ज्यू कुटुंबातला वीस वर्षांचा तरुण होता. पोलीस रेल्वे स्थानकावर आपल्याला गाठतील हे ओळखून तो सायकलवरून हेफिल्डला आला.

गावच्या मैदानावर सभेला बंदी होती. जमाव बोडन ब्रिजजवळच्या जुन्या दगडखाणीत गेला आणि तेथे एका खडकावर उभे राहून रॉथमनने भाषण केले. सुमारे चारशे माणसे विल्यम क्लफच्या वाटेने चढू लागली. घळीत एका ठिकाणी ती वाट सोडून निषिद्ध उतारावर चढली. रखवालदारांशी झटापट झाली. त्यात एका रखवालदाराला दुखापत झाली. माथ्यावर शेफील्डहून आलेल्या दुसऱ्या तुकडीची भेट झाली आणि सारे आनंदाने परत फिरले. किंडरच्या सर्वोच्च जागेपर्यंत ते पोहोचलेच नाहीत. गावात परतताच पोलिसांनी रखवालदारांच्या मदतीने काही जणांना ओळखून पकडले.

परभूमीत पाऊल टाकणे हा इंग्लंडच्या कायद्यात फौजदारी गुन्हा नव्हता. तो दिवाणी तंटा होता. म्हणून दंगल आणि मारहाणीसारखे आरोप ठेवण्यात आले. डर्बीच्या फिरत्या न्यायालयात सहा जणांवर खटला चालला. त्यांचे भवितव्य ठरवणाऱ्या ग्रँड जुरीत लष्करी अधिकाऱ्यांचा आणि ग्रामीण जमीनदारांचा भरणा होता. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. रॉथमनला चार महिन्यांचा. या शिक्षांनी जे साधले, ते मोर्च्याने साधले नव्हते. मोर्च्याला नावे ठेवणारेही आता शिक्षेच्या कठोरपणाने अस्वस्थ झाले.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबले पाहिजे. पायी भटकणाऱ्यांच्या अधिकृत संघांचा या मोर्च्याला विरोध होता. वर्षानुवर्षे चाललेल्या वाटाघाटी या आततायीपणाने धुळीस मिळतील, अशी त्यांची भीती होती. या चळवळीचे एक धुरीण टॉम स्टीफन्सन यांनी तर या घटनेला फारसे महत्त्व देण्यास अखेरपर्यंत नकार दिला. मोर्च्यात सामील झालेला तरुण जिमी मिलर पुढे इवान मॅकॉल या नावाने गायक म्हणून प्रसिद्ध झाला आणि त्याच्या 'मँचेस्टर रॅम्बलर' या गीताने ही घटना घरोघर पोहोचली. गीतामुळे घटना मोठी झाली काय? थोडीफार झाली असेलही. पण याच १९३२ साली संसदेने वहिवाटीच्या वाटांचा कायदा संमत केला, ही गोष्ट गीतात येत नाही. वीस वर्षे अखंडपणे, अडथळ्यावाचून आणि हक्काने लोक एखाद्या वाटेने चालत आले असतील, तर ती सार्वजनिक मानावी, हे त्याचे तत्त्व. त्यामागे अनेक वर्षांची चिवट, अनाम मेहनत होती. तुरुंगात गेलेले पाच तरुण आणि दप्तरात जुन्या साक्षी जपणारे कारकुनी वृत्तीचे वृद्ध, दोघांचेही ऋण मानावे लागते.

नकाशावरील वाटा

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ साली राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील संचाराचा कायदा झाला. हेफिल्डचा परिसर ज्यात येतो, ते पीक डिस्ट्रिक्ट १९५१ साली ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. याच कायद्याने प्रत्येक परगण्याने आपल्या सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करावा, असे ठरले. पॅरिश कौन्सिलांनी गावोगावी वाटा चालून पाहिल्या, शेताच्या कडा, फाटके, कुंपण ओलांडण्याच्या पायऱ्या नोंदल्या. धर्मग्रामावर १५५५ साली सोपवलेले काम जणू चार शतकांनी नव्या रूपात पूर्ण झाले. नकाशावर एकदा आलेली वाट केवळ वापराअभावी नाहीशी होत नाही. जमीन मालकाचीच राहते. चालणाऱ्याला फक्त जाण्या-येण्याचा हक्क असतो. शेतकऱ्याने शेतातून जाणारी वाट नांगरली, तर ठरावीक मुदतीत ती पूर्ववत करून द्यावी लागते. पायी जाणाऱ्यांच्या वाटेवर पिवळा बाण, घोड्यांनाही मुभा असलेल्या वाटेवर निळा, अशी खूण असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटांची लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरते.

स्टीफन्सन यांनी १९३५ साली मांडलेली उत्तर इंग्लंडच्या कण्यावरून जाणाऱ्या दीर्घ वाटेची कल्पना 'पेनाइन वे' या नावाने साकार झाली. ४३० किलोमीटर लांबीची ही वाट ईडेलहून निघून किंडरच्या कडेने स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाते. तिचे उद्घाटन झाले २४ एप्रिल १९६५ रोजी, मोर्च्याला बरोबर तेहतीस वर्षे झाली त्या दिवशी. हेफिल्डची आगगाडी १९७० साली बंद झाली, पण तिच्या रुळांच्या जागी सेट व्हॅली ट्रेल ही चार किलोमीटरची सपाट वाट झाली. वृद्ध, बालके, चाकाच्या खुर्चीवरील माणसेही तिच्यावरून फिरतात. गावाच्या वायव्येची लँटर्न पाइक ही ३७३ मीटर उंचीची टेकडी संचारस्वातंत्र्यासाठी झटलेल्या एडविन रॉइस यांच्या स्मरणार्थ लोकवर्गणीतून घेऊन १९५० साली नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन करण्यात आली. माथ्यावरच्या दिशादर्शक तबकडीवर भोवतालच्या डोंगरांची नावे कोरली आहेत. माणसाच्या स्मृतीसाठी पुतळ्याऐवजी मोकळी टेकडी ठेवावी, ही कल्पना मनाला भावते.

किंडरचे पठारही १९८२ साली नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आले. त्याच वर्षी मोर्च्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बोडन ब्रिजच्या खाणीत स्मृतिफलक लावण्यात आला. माळरानांवर मुक्त संचाराचा सर्वसाधारण हक्क मात्र २००० सालच्या कायद्याने मिळाला आणि पीक डिस्ट्रिक्टमध्ये तो २००४ साली प्रत्यक्षात आला. ब्राइस यांच्या विधेयकानंतर एकशे वीस वर्षांनी.

या दीर्घ कथेतील एक प्रसंग वेगळा नोंदवला पाहिजे. मोर्चा ज्या जमिनीवर गेला, तिचे तत्कालीन मालक डेव्हनशायरचे ड्यूक होते. मोर्च्याच्या सत्तराव्या वर्षी, एप्रिल २००२ मध्ये, त्यांचे नातू अकरावे ड्यूक स्वतः बोडन ब्रिजला आले आणि आपल्या आजोबांच्या कृत्याबद्दल त्यांनी जाहीर क्षमा मागितली. रॉथमन ते ऐकण्यास हयात नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत, नव्वदाव्या वर्षी, ते निवर्तले होते. क्षमा उशिराने आली, तरी ती आली. पिढ्यांमागच्या अन्यायाची जबाबदारी नातवाने स्वीकारावी, हे धारिष्ट सर्वांनाच साधत नाही.

हक्क आणि ओझे

आज प्रश्नांचे रूप बदलले आहे. मँचेस्टरच्या धुराड्यांतील आम्लाने किंडरवरील शेवाळ मारले, उघड्या पडलेल्या पीटला ओघळी पडल्या आणि लाखो पावलांनी त्या रुंदावल्या. हजारो वर्षांत साठलेला हा थर वाहून जाऊ नये म्हणून गेली दोन दशके तेथे ओघळींना बांध घालणे, नवे शेवाळ लावणे ही कामे चालू आहेत. पेनाइन वेच्या दलदलीच्या भागांत मोठाल्या दगडी फरश्या अंथरल्या आहेत. त्यांपैकी पुष्कळ फरश्या पाडलेल्या जुन्या कापडगिरण्यांच्या आहेत. ज्या फरशीवर उभे राहून कामगार रविवारची वाट पाहत असे, तीच फरशी आता त्याच्या नातवंडांच्या पायांखाली डोंगरावर आहे.

दुसरीकडे, नकाशावर न आलेल्या जुन्या वाटा कायमच्या बुजण्याची भीती काही वर्षे होती. २००० च्या कायद्याने त्यांच्या नोंदीसाठी २०२६ ची मुदत घातली होती. ती पुढे २०३१ पर्यंत वाढवण्यात आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ही मुदतच रद्द करण्याचा मनोदय सरकारने जाहीर केला. मध्यंतरी हजारो स्वयंसेवकांनी जुने नकाशे पडताळून सुमारे एकोणपन्नास हजार मैलांच्या विस्मृत वाटा शोधून काढल्या. १८२६ सालच्या मँचेस्टरकरांचेच हे काम, नव्या साधनांनी केलेले.

हेफिल्डच्या इतिहासातून एवढे स्पष्ट होते की, मालकी आणि वहिवाट ही दोन तत्त्वे परस्परांची शत्रू असलीच पाहिजेत असे नाही. भूमी एकाची असू शकते आणि तिच्यावरून जाण्याचा हक्क सर्वांचा. मात्र हा हक्क कागदावर टिकत नाही. तो चालण्याने टिकतो. मठवाश्यांनी, मीठ वाहणाऱ्यांनी, गिरणीकामगारांनी जी वाट पुढच्यांसाठी मोकळी ठेवली, ती तशीच मोकळी आणि न झिजवता पुढे सोपवणे, हे आज त्या खिंडीतून जाणाऱ्या प्रत्येकाकडे आलेले वारशाचे ओझे आहे. ते वाहण्याजोगे आहे.